तेव्हा राजीनामा बोलायचा

जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुख लोकसभेत उभे राहिले आणि अर्थमंत्रिपद आपण का सोडत आहोत हे त्यांनी सभागृहाला सविस्तर सांगितलं. मुंबईला महाराष्ट्रापासून वेगळं ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता जाहीर झाला, हा त्यांचा पहिला आक्षेप. जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, त्याची न्यायालयीन चौकशी व्हावी असं आपण वारंवार म्हणत होतो आणि ती नाकारली गेली, हा दुसरा. महाराष्ट्राविषयी दिल्लीत एक आकस आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. ज्यांच्या मंत्रिमंडळात ते सहा वर्षं बसले होते त्या पंतप्रधानांविरुद्ध, संसदेत, सगळ्या देशासमोर ते हे बोलत होते. नेहरूंना ते आरोप मान्य नव्हते. तेही त्यांनी सांगितलं. दोन्ही बाजू संसदेच्या कामकाजात छापल्या गेल्या आणि आजही कुणालाही वाचता येतात.

रोह्याचे हे देशमुख. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. हयात सरकारी फायलींमध्ये गेलेली, स्वभाव मितभाषी, सभा गाजवणं हा त्यांचा पिंडच नव्हता. असा माणूस पद सोडताना बोलला, कारण पद सोडणाऱ्याने बोलायचं असतं अशी तेव्हाची समजूत होती. राजीनामा देऊन माणूस मोकळा होत नसे. का दिला हे सांगेपर्यंत त्याचं काम पुरं झालं असं कुणी मानत नसे.

मी ऐंशी ओलांडली आहे. गिरगावातल्या चाळीत वाढलो, पुढे सचिवालयात नोकरी केली, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. या सगळ्या काळात राजीनामे पुष्कळ पाहिले. अलीकडचा एक मनातून जात नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची अत्यंत क्रूरपणे हत्या झाली. सूत्रधार म्हणून ज्याचं नाव पोलिसांनी आरोपपत्रात घातलं, तो राज्याचे मंत्री धनंजय मुंडे यांचा निकटवर्तीय मानला जात होता. मंत्री स्वतः आरोपी नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. हत्येची छायाचित्रं लोकांसमोर आली, महाराष्ट्र हादरला आणि ४ मार्च २०२५ रोजी राजीनामा आला. त्यासोबतच्या मजकुरात सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख होता, प्रकृतीचाही होता. तेव्हा विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होतं. माझ्या पिढीच्या माणसाला साहजिकच वाटलं की आता हे सभागृहात उभे राहतील आणि आपल्या जिल्ह्यात, आपल्या नावावर काय काय चाललं होतं, त्यातलं आपल्याला किती ठाऊक होतं, हे सांगतील. तसं काही झालं नाही. राजीनामा स्वीकारला गेला, राज्यपालांकडे गेला आणि चर्चा त्या जागेवर आता कोण येणार याकडे वळली.

तुलना मला करावीशी वाटते ती इथे. जुनी माणसं सोन्याची होती आणि आजची मातीची, असं मी म्हणणार नाही. तसं नव्हतंच. फरक आहे तो राजीनाम्यानंतर काय व्हायचं यात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं. हिंदू कोड बिल बाजूला टाकलं गेलं, हे मुख्य कारण. पण त्यांच्या निवेदनात परराष्ट्र धोरण होतं, अनुसूचित जातींची सरकारने केलेली उपेक्षा होती, मंत्रिमंडळाच्या कामाची पद्धत होती. निवेदनाची प्रत आधी द्या असं पीठासीन उपसभापतींनी म्हटलं, तेव्हा बाबासाहेब सभात्याग करून बाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिलं. बोलण्याचा हक्क अडवला जातोय असं दिसताच दुसऱ्या वाटेने बोलले, पण बोलल्याशिवाय राहिले नाहीत. लालबहादूर शास्त्रींचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. १९५६ मध्ये आधी मेहबूबनगरला, मग नोव्हेंबरमध्ये अरियालूरला रेल्वे अपघात झाला, दोन्ही ठिकाणी शंभरावर माणसं गेली. पहिल्या वेळी नेहरूंनी राजीनामा परत केला, दुसऱ्या वेळी स्वीकारला. स्वीकारताना नेहरूंनी संसदेत जे सांगितलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. शास्त्रींचा दोष आहे म्हणून नव्हे, तर घटनात्मक औचित्याचा एक पायंडा पडावा म्हणून हा राजीनामा आपण स्वीकारत आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. म्हणजे राजीनामा देणारा बोलायचा, तसा घेणाराही बोलायचा. घेणाऱ्याने कारण सांगायचं ही गोष्ट आता पार विसरली गेली आहे.

पण माझ्या मनात त्या काळाचं जे चित्र आहे, त्याच्या मध्यभागी मुंदडा प्रकरण आहे. त्याचं कारण घरचंच.

आमचे वडील, अण्णा, एका खासगी विमा कंपनीत कारकून होते. जानेवारी १९५६ मध्ये एका रात्री रेडिओवर अर्थमंत्री देशमुखांचा आवाज आला आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचं त्यांनी देशाला सांगितलं. त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती, घराबाहेर पडणं धोक्याचं होतं. सप्टेंबरमध्ये दोनशे पंचेचाळीस संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं आणि अण्णा त्याचे कर्मचारी झाले. कोण अभिमान वाटला होता त्यांना! शेटजींच्या पेढीवरचा माणूस आता देशाच्या कामाला लागला, अशी त्यांची भावना होती. चाळीतल्या लोकांना पॉलिसी घ्यायला ते स्वतःहून सांगत, त्यात दलालीचा पैसाही त्यांना मिळत नसे. गिरणीतला जॉबर, शाळेतले मास्तर, खानावळ चालवणाऱ्या एक विधवा बाई, सगळ्यांचे हप्ते वेळेवर जावेत याची काळजी अण्णांना.

जून १९५७ मध्ये याच महामंडळाने कलकत्त्याच्या हरिदास मुंदडा नावाच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांचे शेअर घेतले. रक्कम सव्वा कोटीच्या घरातली. त्यांतली एक कंपनी आमच्या भायखळ्याची, रिचर्डसन अँड क्रूडास. अण्णा ट्रामने जाताना तिचा कारखाना बघत आले होते. मुंदडाचे व्यवहार संशयास्पद आहेत हे बाजाराला ठाऊक होतं. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, तिला विचारलं गेलं नाही. शेअर पडले आणि पॉलिसीधारकांचा पैसा बुडाला.

प्रश्न संसदेत आला. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी तो लावून धरला. सत्ताधारी पक्षाचा खासदार, शिवाय पंतप्रधानांचा जावई. त्यांनी आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना, टी. टी. कृष्णम्माचारींना, कागदपत्रांनिशी घेरलं. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम चागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. चौकशी मुंबईत, आणि ती उघड होईल, हा चागलांचा निर्णय. लोकांची इतकी गर्दी झाली की आत मावेनात, म्हणून बाहेर कर्णे लावावे लागले. दिल्लीत हे अनेकांना रुचलं नाही. चागलांनी कर्णे काढले नाहीत.

अण्णा मधल्या सुट्टीत तिथे जाऊन उभे राहत. डबा तसाच न उघडलेला परत यायचा म्हणून आईची रोज कुरकुर असे. संध्याकाळी ते आम्हाला सगळं सांगत. आज अर्थसचिव साक्षीला होते. आज रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अय्यंगार. आज महामंडळाचे अध्यक्ष. आज खुद्द मंत्री. ॲटर्नी जनरल सेटलवाड प्रश्न विचारतात आणि अर्थसचिवांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर फूटपाथवर उभ्या असलेल्या पॉलिसीधारकाला ऐकू येतं. अण्णा म्हणाले होते, "केवढा मोठा आयसीएस माणूस, पण आज आमच्यासमोर उभं राहून हिशेब द्यावा लागला त्याला." त्यांच्या आवाजात सूडाचा आनंद नव्हता. दिलासा होता. महामंडळ आपलं आहे, हे त्यांना त्या कर्ण्यातून पटलं असावं.

सगळी चौकशी एका गोष्टीभोवती फिरत होती. अर्थसचिव एच. एम. पटेल म्हणत होते की मंत्र्यांची संमती होती. मंत्री म्हणत होते की मी अशी संमती दिलीच नाही. कागदावर काही नव्हतं, जे झालं ते तोंडी झालं होतं. चागलांनी हा घोळ सोडवताना जे सूत्र मांडलं ते देशाच्या प्रशासनात पायाभूत मानलं पाहिजे. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची आहे. अधिकाऱ्याच्या आड मंत्र्याला लपता येणार नाही आणि त्याची कृती नाकारताही येणार नाही. अहवाल १० फेब्रुवारी १९५८ ला सादर झाला आणि काही दिवसांतच कृष्णम्माचारी पदावरून गेले. देशमुखांनी रिकामी केलेल्या खुर्चीवर ते आले होते, दीड वर्षात तीच खुर्ची पुन्हा रिकामी झाली. प्रश्न विचारला गेला तेव्हापासून उत्तर मिळेपर्यंत दोन महिने लागले.

एच. एम. पटेलांचं पुढे काय झालं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे. फाळणीच्या वेळी दोन देशांमध्ये फौजा, फायली, टेबलखुर्च्यांपर्यंत सगळ्याची वाटणी करण्याच्या कामात हा माणूस अग्रभागी होता. नंतर संरक्षण सचिव, मग अर्थसचिव. चागला आयोगाने त्यांच्यावर ताशेरे ओढले, त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या मंडळाने अधिकाऱ्यांच्या वर्तनाची वेगळी चौकशी केली. पटेल सेवेतून बाहेर पडले, गुजरातेत वल्लभ विद्यानगरला गेले आणि तिथल्या शिक्षणसंस्थेच्या कामाला लागले. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारात हेच पटेल देशाचे अर्थमंत्री झाले. त्या नेमणुकीवर कुणी फार ओरडलं नाही, कारण पटेलांविरुद्ध जे काही होतं ते सगळं एकोणीस वर्षांपूर्वीच बाहेर आलेलं होतं. दडलेलं काही उरलं नव्हतं. लोकांनी त्यांची बाजूही ऐकली होती. उघड चौकशीत माणसाचं नुकसान होतं हे खरं, पण परतीची वाटही तीच खुली ठेवते.

त्या काळाची दुसरी बाजू झाकून ठेवली तर या लिखाणाला अर्थ नाही. देशमुखांनी मागितलेली मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झालीच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, त्यांच्यावर गोळ्या झाडण्याचा हुकूम देणाऱ्यांना कुठल्या कर्ण्यासमोर उभं राहावं लागलं नाही. विम्याच्या सव्वा कोटींची चौकशी महिन्याभरात आटोपते आणि फ्लोरा फाउंटनला पडलेल्या प्रेतांची होत नाही, हे दुखणं माझ्या पिढीने उराशी बाळगलेलं आहे. कृष्णम्माचारींनाही राजीनाम्याने घरी बसवलं नाही. चार वर्षांनी ते मंत्रिमंडळात परतले, पुन्हा अर्थमंत्री झाले आणि १९६५ संपता संपता पुन्हा आरोपांच्या सावटाखाली पद सोडून गेले. म्हणजे तो काळ निर्मळ नव्हता. जिथे दार उघडलं गेलं तिथे ते पूर्ण उघडलं गेलं, इतकंच मी म्हणतो.

मी सचिवालयात लागलो तेव्हा इमारत नवीच होती, १९५५ ची. मंत्रालय हे नाव १९७५ मध्ये आलं. सहायक म्हणून टिप्पणी लिहायला शिकलो ती आमच्या कक्ष अधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्यांचा एकच आग्रह असे, जे मत आहे ते फाईलवर लिहायचं. वरिष्ठांना पटणार नसेल तरी लिहायचं, त्यांनी वेगळा आदेश द्यावा आणि त्याखाली सही करावी. एका सचिवांनी मंत्र्यांच्या इच्छेविरुद्ध पाऊणएक पान स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मंत्र्यांनी खाली दोन ओळींत तो सल्ला अमान्य केला आणि सही केली. दोघांचे संबंध बिघडले नाहीत. जमिनीच्या त्या प्रकरणात पुढे विधानसभेत प्रश्न आला तेव्हा मंत्र्यांनी निर्णय माझा आहे असंच उत्तर दिलं. फाईलवर दुसरं काही म्हणण्याची सोयच नव्हती.

मग एक शेरा वाढत गेला. 'कृपया चर्चा करावी.' फाईल वरून परत यायची ती एवढंच लिहून. चर्चा व्हायची, दालनात, दार लावून. खाली आलेल्या फाईलवर 'चर्चेनुसार' असं लिहून नवी टिप्पणी मांडायची, आणि ती आधीच्या टिप्पणीच्या नेमकी उलट असायची. चर्चेत कोण काय म्हणालं याची नोंद कुठेच नाही. उद्या चौकशी लागली तर सही असते ती खालच्या माणसाची. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी स्वतः अशा टिप्पण्या मांडलेल्या पाहिल्या, आणि त्या मांडणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरची भीतीही पाहिली. मुंदडा प्रकरणात जो तोंडी व्यवहार अपवाद म्हणून पकडला गेला होता, तो आमच्याकडे रीत झाला. जबाबदारी कुठे नाहीशी होते असं कुणी विचारलं तर मी त्या दोन शेऱ्यांकडे बोट दाखवीन.

राजीनाम्याची जागाही बदलली. सभागृहाकडून ती कोर्टाकडे गेली. १९८१ मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या प्रतिष्ठानाचं आणि सिमेंटच्या वाटपाचं प्रकरण वृत्तपत्राने बाहेर काढलं. प. बा. सामंतांसारखे विरोधी पक्षाचे लोक उच्च न्यायालयात गेले, न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये निकाल दिला आणि मुख्यमंत्री गेले. देणगी आणि सिमेंट यांचा संबंध न्यायालयाने स्पष्टपणे मांडला. पण त्यानंतरचा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला, वर्षामागून वर्षं गेली आणि अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. १९८६ मध्ये एम.डी. परीक्षेतल्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे मारल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिलं गेल्याने चौदा रुग्ण दगावले. तिथेही चौकशी लेंटिन यांचीच. औषध खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत कोण कुठे कसा चुकला हे त्यांनी नावानिशी लिहिलं आणि आरोग्यमंत्री भाई सावंतांना पद सोडावं लागलं. हा आयोग मला चागला आयोगाचा सख्खा वारस वाटतो. त्यानंतर तसा दुसरा मला आठवत नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तीन राजीनामे आले, तिन्ही मराठी माणसांचे. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख. पुढच्या मे महिन्यात विलासराव केंद्रात मंत्री झाले, त्याच वर्षाच्या शेवटी आर. आर. पुन्हा गृहमंत्री. आर. आर. पाटलांविषयी माझ्या मनात आदर होता, अजूनही आहे. अंजनीसारख्या गावातून वर आलेला माणूस, हात स्वच्छ. म्हणूनच वाटतं की त्यांना विधानसभेत उभं करून विचारायला हवं होतं. पोलीस नियंत्रण कक्षात त्या रात्री काय घडलं, बुलेटप्रूफ जाकिटांचं काय झालं, गृहखात्याला आधी कोणत्या सूचना आल्या होत्या? प्रधान समिती नेमली गेली, तिने काम केलं, पण ते उघड्यावर नव्हतं. त्या रात्री मारले गेलेले पोलीस करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे यांच्या घरच्यांनी कर्ण्याखाली उभं राहून उत्तरं ऐकावीत अशी व्यवस्था कुणाला सुचली नाही.

आदर्श सोसायटीचं तर काय सांगावं. कुलाब्याची एकतीस मजली इमारत, कारगिलचं नाव पुढे केलेलं, आणि सदनिकांच्या यादीत लष्करातले वरिष्ठ, सनदी अधिकारी, राजकारण्यांचे नातलग. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. आयोग जानेवारी २०११ मध्ये नेमला, अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आला, सभागृहात यायला डिसेंबर उजाडला आणि तो मांडतानाच सरकारने तो फेटाळला. मग बोंब झाली तेव्हा थोडा स्वीकारला. खटल्याला राज्यपालांनी आधी परवानगी नाकारली, दुसऱ्या राज्यपालांनी २०१६ मध्ये ती दिली, उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती रद्द केली. सात वर्षं! चव्हाण दोषी की निर्दोष, याचा लोकांसमोर निकाल लागलाच नाही. आजही त्यांच्या बाजूचा माणूस एक सांगतो, विरोधातला दुसरंच, आणि दोघांनाही कुणी खोडू शकत नाही. अधिकाऱ्यांना तर अटक झाली, काहींची उभी कारकीर्द त्यात संपली. चागलांचं सूत्र पाळलं असतं तर प्रश्न साधा होता. या जमिनीच्या फाईलवर अंतिम निर्णय कुणाचा?

आणि २०२१. मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून बदली झालेल्या परमबीर सिंगांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुखांवर महिना शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला. ५ एप्रिलला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला, त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. पुढे ते वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात होते. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती चांदीवाल यांचा आयोगही नेमला. त्याचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये सरकारकडे गेला. त्यानंतर दोन वर्षांनी खुद्द देशमुखच जाहीरपणे मागणी करत होते की तो अहवाल लोकांसमोर ठेवा. हे वाचलं त्या दिवशी मला फार अस्वस्थ वाटलं. गृहमंत्री खरे की पोलीस आयुक्त, कायदा-सुव्यवस्था सांभाळणाऱ्या या दोन बड्या माणसांपैकी कोण खरं बोलत होतं, हे जाणण्याचा हक्क साडेबारा कोटी लोकांना नाही? आरोप ज्याच्यावर आहे त्यालासुद्धा नाही? १९५८ मध्येही असंच होतं, मंत्री एक सांगत होता आणि अधिकारी दुसरं. तेव्हा ते उत्तर फूटपाथवर ऐकू आलं होतं.

अधिकाऱ्यांविषयी आणखी एक सांगतो, कारण मंत्री सगळ्यांना दिसतात आणि सचिव कुणालाच नाहीत. वादात सापडलेला मोठा अधिकारी आज क्वचितच राजीनामा देतो. त्याची बदली होते, किंवा तो पदस्थापनेच्या प्रतीक्षेत राहतो, रजेवर जातो, स्वेच्छानिवृत्ती घेतो. विभागीय चौकशी लागलीच तर ती निवृत्तीपर्यंत रेंगाळते. निर्दोष असेल तर पेन्शन अडकून म्हातारपण नासतं. दोषी असेल तर तोवर पुरावे देणारे साक्षीदारच उरलेले नसतात. माझ्या ओळखीच्या एका सरळ माणसाचं असं झालं. खातं कुठलं ते सांगत नाही. त्याला खुलासा मागितला, त्याने दिला, आणि त्यानंतर त्याला कुणी काही विचारलंच नाही. निवृत्तीच्या समारंभाला तो आला नाही. त्याला शिक्षेची भीती नव्हती. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकून घ्यावं एवढंच त्याला हवं होतं.

आजच्या काळाचं एक मोठं देणं मी मान्य करतो. आमच्या वेळी फाईल बाहेरच्या माणसाला दिसणं अशक्य होतं. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकाराचा कायदा केला, त्यासाठी अण्णा हजाऱ्यांना उपोषणाला बसावं लागलं, २००५ मध्ये तो देशाला मिळाला. आदर्शचे कागद या अधिकारातूनच बाहेर आले. देशातला पहिला कार्यरत लोकायुक्तही आपलाच, १९७२ पासूनचा. म्हणजे साधनं आज तेव्हापेक्षा जास्त आहेत. आमच्या वडिलांना कर्ण्याखाली उभं राहावं लागलं होतं, माझ्या नातीला हवी ती चौकशी फोनवर पाहता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांपुढची सुनावणी ती पाहतेच. मग चौकशी आयोगाची सुनावणी का दिसू नये?

आता पुन्हा राजीनाम्याकडे. ज्या चागलांनी एका अर्थमंत्र्याला घरी पाठवलं, ते स्वतः १९६७ मध्ये परराष्ट्रमंत्री होते. विद्यापीठांत इंग्रजीची जागा प्रादेशिक भाषांनी घ्यावी या सरकारच्या धोरणाशी त्यांचं पटेना. भाषेबाबत मी चागलांच्या बाजूचा नाही, मराठीतून उच्च शिक्षण व्हावं असंच मला आजन्म वाटत आलं आहे. पण त्यांनी पद सोडलं आणि का सोडलं ते देशाला स्पष्ट सांगितलं. न्यायाधीश म्हणून त्यांनी इतरांकडे जे मागितलं होतं ते मंत्री म्हणून स्वतः दिलं.

माझी मागणी लहान आहे आणि ती करायला कुठलाही नवा कायदा लागत नाही. चौकशी आयोगाच्या कायद्यातच लिहिलेलं आहे की अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो केलेल्या कारवाईच्या निवेदनासह सभागृहासमोर ठेवायचा. तो ठेवा. पायउतार होणाऱ्या मंत्र्याचं पत्र सभागृहाच्या पटलावर येऊ द्या आणि त्याला तिथे बोलू द्या, त्याच्यावर बोलण्याची अपेक्षा ठेवा. राजीनामा स्वीकारणाऱ्या मुख्यमंत्र्यांनी तो का स्वीकारला हे सांगावं. आणि सचिवांनी फाईलवर 'चर्चेनुसार' लिहिण्याआधी चर्चेत कोण काय म्हणालं याच्या दोन ओळी लिहाव्यात, खाली तारीख घालावी आणि सही करावी.